भोयरबाईंचा गुरुवारचा डाव

पांढरकवड्याच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून लागलो, तेव्हा भोयरबाई साठीच्या पुढे होत्या आणि गावातली जुनी माणसं त्यांना अजूनही ‘ऑपरेटर बाई’च म्हणत. नाव कमल. पण त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. आई गेली, भाऊ गेला, आणि भाची स्नेहल नागपूरला नोकरीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हातानं वायरी जोडून लोकांचं बोलणं लावून द्यायचे ते दिवस होते तेव्हापासून बाई खुर्चीवर. पुढं यंत्रं आली, ऑपरेटर नको झाले, मग बिलाच्या खिडकीवर बसून त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून बसल्यामुळं म्हणा, बाई ऐकताना मान डावीकडं किंचित झुकवत. समोरचा काय सांगतो आहे ते पूर्ण होईपर्यंत मध्ये शब्द टाकत नसत. तो थांबला की विचारत, ‘‘झालं का बोलून?’’ विचारण्यात घाई नसे, पण नवीन माणूस त्यानं गडबडायचा. आमचे एक संचालक एकदा वाचनालयाच्या अडचणी सांगत अर्धा तास बोलले. बाईंनी सगळं ऐकून हा प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘झालं,’’ आणि उठून गेले.

आमच्याकडं एक लोखंडी कपाट होतं. एका निवृत्त तहसीलदारांनी मरणाआधी आपली सगळी पुस्तकं वाचनालयाला दिली होती, आणि त्यातली निम्मी ऐतिहासिक रहस्यकथांची होती. किल्ल्यावरचे खून, देवगिरीच्या काळातल्या चोऱ्या, नबाबाच्या जनानखान्यातलं विष, गोंड राजाच्या दरबारातून नाहीसा झालेला दूत. मराठीतल्या, हिंदीतून आणलेल्या, इंग्रजीवरून केलेल्या. ते कपाट बाईंशिवाय कोणी उघडत नसे. मी एकदा विचारलं, ‘‘बाई, आजच्या काळातल्या रहस्यकथा काहून नाही वाचत?’’

‘‘आजच्या काळातली माणसं ओळखीची वाटते भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी तेवीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून देल्लं. आता पुस्तकात बी त्यांचंच ऐकू कायले?’’

एक्स्चेंजमध्ये काय काय ऐकलं असेल याबद्दल गावाला फार कुतूहल होतं. बाईंच्या तोंडून कधी अक्षर निघालं नाही. मला मात्र त्यांनी एकच गोष्ट सांगितली, तीही पुस्तक बदलून घेता घेता. केळापूरकडची एक बाई दर रविवारी एक्स्चेंजच्या पायरीवर येऊन बसायची. नवरा मुंबईकडं कुठं कामाला होता, तो रविवारी फोन लावेन म्हणून सांगून गेला होता. फोन येत नसे. ती खिडकीशी येऊन विचारायची, आणि भोयरबाई सांगायच्या, आज लाईन खराब आहे.

‘‘लाईन चांगलीच राहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सात-आठ महिने मी खोटं बोलली.’’

‘‘मग खरं सांगितलं का शेवटी?’’

‘‘नाही. एका रविवारी ती आलीच नाही. मंग मीच पायरीकडं पाहत बसे.’’

एवढं सांगून त्यांनी रजिस्टरवर सही केली आणि गेल्या. त्या दिवशी मान झुकवून ऐकायची पाळी माझी होती आणि ‘झालं का बोलून’ असं विचारायची मला हिंमत झाली नाही.

खेळाचं खूळ आलं ते स्नेहलमुळं. तिनं आत्याच्या फोनवर एक चित्र पाठवलं. इंटरनेटवर कोणीतरी वाचणाऱ्यांसाठी सापशिडीसारखा पट तयार केला होता. फासा टाकायचा, सोंगटी पुढं न्यायची, आणि ज्या घरात थांबेल त्या घरात लिहिलं असेल तसं पुस्तक वाचायचं. बाई फोन घेऊन माझ्याकडं आल्या, इंग्रजी माझ्याकडून वाचून घेतलं आणि चार दिवसांनी मोठी कॅलेंडरची पानं उलटी चिकटवून तयार केलेला एक पट टेबलावर पसरला. पन्नास घरं. प्रत्येक घरात सुरेख, गोल अक्षरात अट. ‘खून किल्ल्यावर झालेला.’ ‘सांगणारी बाई आहे.’ ‘एकही लढाई नाही.’ ‘गुन्हेगार राजाच्या घरातला.’ ‘मुखपृष्ठावर दिवा.’ ‘हे पुस्तक दुसऱ्या खेळाडूनं निवडायचं.’ साप पाच होते, आणि प्रत्येक सापाच्या तोंडी एकच शिक्षा: मागचं पुस्तक पुन्हा वाचा आणि लेखकानं खुणा कुठं लपवल्या होत्या ते कागदावर लिहा.

वरून त्यांचा स्वतःचा एक नियम. पुस्तक अर्ध्यावर आलं की गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचं. वाचून झाल्यावर पाकीट उघडायचं. नाव बरोबर निघालं तर एक घर जास्त. आणि शेवट कोणी कोणाला सांगायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत.

सुरुवातीला सात जण होते. दोन शिक्षक, बँकेतल्या एक मॅडम, एक वकील, औषधाच्या दुकानातला एक जण, भोयरबाई आणि गफूरभाई. दर गुरुवारी चार वाजता डाव. दोन महिन्यांत वकील गळाले, मग बँकेतल्या मॅडमची बदली नेरला झाली, शिक्षकांना परीक्षा लागल्या, औषधवाल्याला वेळ मिळेना. दिवाळीपर्यंत टेबलाशी दोघंच राहिले.

गफूरभाईंचं बसस्टँडमागं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपाच्या जळलेल्या मोटरी उघडून त्यात नवी तांब्याची तार भरायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. मुलगा सलीम आदिलाबादला जाऊन स्थायिक झाला, बायको अल्लाघरी गेली, आणि दुकान त्यांनी एका पोराला चालवायला देऊन टाकलं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळं वाचायचे मराठी, बोलायचे मराठी-हिंदी मिसळून. त्यांची सोंगटी म्हणजे तांब्याच्या तारेचं वळवलेलं एक कडं. बाईंची सोंगटी म्हणजे शर्टचं निळं बटण.

‘‘बाई, मले तर दिवाणावर शक आहे,’’ गफूरभाई पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावरच म्हणायचे.

‘‘आताच? अजून खून बी नाही झाला.’’

‘‘मोटर जळाच्या आधी वास येते. इथं बी वास येऊन राह्यला.’’

दहापैकी सात वेळा त्यांचा वास चुकायचा. बाईंची चिठ्ठी बहुतेक बरोबर निघायची, कारण लेखक ज्या माणसाला जरा जास्तच चांगला दाखवतो त्याच्याकडं त्या लक्ष ठेवून असत. तरीही गफूरभाई मागं पडत नसत, फासा त्यांच्या हातात चांगला पडे. सहा पडला की ते फाशाकडं बघून मान डोलवायचे, जणू त्यानं काही शहाणपणाची गोष्ट सांगितली. दोघंही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत. खेळ सोडून कशावर बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही. पावसाळ्यात गफूरभाई छत्री विसरले तर बाई स्वतःची देऊन रिक्षानं जात, एवढंच.

फाटक्या पानांची गोष्ट त्या पहिल्या वर्षातली. बाईंच्या वाट्याला आलेल्या एका पुस्तकाची शेवटची अकरा पानं कोणीतरी फाडून नेली होती. नागपूरच्या भोसल्यांच्या काळातली गोष्ट, हत्तीखान्यात एक माहूत मेलेला. बाईंनी पाकीट बंद केलं होतं, आणि आता उघडायला शेवटच नाही. मी म्हणालो, दुसरं घ्या. त्या म्हणाल्या, ‘‘घराची अट हेच पुस्तक पूर्ण करते. दुसरं कसं घेऊ?’’

तेव्हा त्यांनी जिल्ह्यातल्या वाचनालयांचे फोन नंबर माझ्याकडून लिहून घेतले आणि माझ्याच टेबलाशी बसून एकेक लावायला सुरुवात केली. आवाज एकदम बदलला. मऊ, सरळ, एका पट्टीतला. पलीकडचा माणूस झोपेतून उठल्यासारखा नीट बोलायला लागे. महागावला नव्हतं. फुलसावंगीच्या एका शाळेच्या ग्रंथालयात होतं, पण किल्ली असलेले गुरुजी रजेवर. शेवटी नेरला मिळालं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी आधी नाही म्हटलं, अकरा पानं फोनवर कोण वाचून दाखवतं? भोयरबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही वाचा, मी लिहून घेते. तुम्हाले वेळ असेल तेवढंच. बाकी उद्या.’’

तीन दिवस लागले. बाईंनी ती अकरा पानं वहीच्या कागदावर लिहून काढली, त्याच आकाराची कापली आणि खळ लावून पुस्तकात चिकटवली. ते पुस्तक अजून आमच्याकडं आहे. ज्याच्या हाती जातं तो ती पानं आधी बघतो. नेरच्या बाई पुढं कधीमधी फोन करायच्या आणि विचारायच्या, तुमच्या ऑपरेटर बाई कशा आहेत.

दुसऱ्या वर्षी गफूरभाईंच्या खेळात काहीतरी बिघडलं. ते पुस्तक न्यायचे, दोन गुरुवारांनी आणायचे, वाचलं म्हणायचे. पण बाईंनी हत्यार कोणतं होतं विचारलं की ‘तलवार’ म्हणायचे, आणि गोष्टीत तलवार नसायची. तिसऱ्या वेळी त्यांची चिठ्ठी मी उघडली, कारण पाकिटं माझ्या टेबलात असत. अक्षरं एकावर एक चढली होती, ओळ कागदाच्या खाली घसरली होती, नाव वाचताच येईना. मी चिठ्ठी बाईंपुढं धरली. बाईंनी ती पाहिली, घडी केली आणि म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे हो गफूरभाई. एक घर जास्त घ्या.’’

गफूरभाईंनी कडं उचललं आणि चाचपडत एका घराऐवजी दोन घरं पुढं ठेवलं. बाईंनी ते तसंच राहू दिलं.

काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेली ती नजर परत येत नाही, राहिली ती सांभाळा. हे गफूरभाईंनी मुलाला कळवलं नव्हतं, बाईंना तर नाहीच. मला ते पुढं कळलं. त्या दिवशी जाताना बाई एवढंच म्हणाल्या, ‘‘गफूरभाई, उद्या दुपारी दोन वाजता तुमचा फोन वाजन. उचला.’’

‘‘कायले?’’

‘‘उचला तर.’’

तेव्हापासून दुपारी दोन ते तीन, रविवार सोडून रोज, बाई त्यांचं पुस्तक फोनवर वाचून दाखवू लागल्या. मी एकदा नियतकालिकाचा अंक द्यायला त्यांच्या घरी गेलो तर वेळ नेमकी तीच. खिडकीशी खुर्ची, समोर उपडा ठेवलेला स्टीलचा डबा, डब्यावर फोन, आणि बाई पुस्तक दोन्ही हातांत धरून वाचताहेत. मला पाहून त्यांनी तळहात वर केला. मी पायरीवर बसलो. बाई संवादांना आवाज बदलत नव्हत्या, राजाही त्याच पट्टीत बोलत होता आणि न्हावीही. पलीकडून मधूनच ‘हं’ येई. एकदा बराच वेळ ‘हं’ आला नाही तेव्हा बाई थांबल्या.

‘‘आहे ना तुम्ही?’’

‘‘आहो ना बाई. तो भिंतीजवळ उभा आहे म्हणता ना, तिथंच मी बी उभा होतो.’’

बाई हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पाहिलं, आणि त्यांना हे माहीत नव्हतं की मी बघतो आहे.

सलीमला शेवटी कळलंच. तो येऊन वडिलांना आदिलाबादला घेऊन गेला. जायच्या आधल्या गुरुवारी गफूरभाई डावाला आले होते. बाई अडतिसाव्या घरात, ते एक्केचाळिसाव्या. निरोपाचं कोणी बोललं नाही. गफूरभाईंनी फासा टाकला, दोन पडले, आणि बाईंनी अट वाचून दाखवली: ‘ज्यात खजिना सापडत नाही.’ असं पुस्तक कपाटात एकच होतं, एका जहागिरीतल्या विहिरीत सापडलेल्या प्रेताचं, साडेतीनशे पानांचं. बाई म्हणाल्या, ‘‘हे मी बी नाही वाचलं. दोघं संगंच वाचू.’’

आदिलाबाद काही लांब नाही, पण पांढरकवड्याच्या माणसाला ते दुसरं राज्य. पटावरची बाईंची जागा तशीच ठेवून फोनवरचं वाचन चालू राहिलं. अर्ध्यावर आल्यावर गफूरभाईंनी नाव सांगितलं आणि बाईंनी त्यांच्या वतीनं चिठ्ठी लिहून पाकीट बंद केलं. स्वतःचीही केली. दोन्ही पाकिटं माझ्या खणात आली.

मग एके दिवशी फोन सुनेनं उचलला. रात्रीतून झटका आला होता, एक बाजू गेली होती, बोलणं अडखळत होतं. फोन कानाशी धरवत नव्हता. बाईंनी पुढचे आठ-दहा दिवस दोन वाजता फोन लावला, सून म्हणे आज नको, आज झोपलेत. मग एका गुरुवारी बाई सकाळीच वाचनालयासमोर आल्या. हातात पिशवी.

‘‘भाऊ, मले स्टँडवर सोडून देता का? आदिलाबादची बस किती वाजता आहे, ते बी पाहा.’’

बाई गावाबाहेर क्वचित जात. मी त्यांना स्कूटरवर नेलं, बसमध्ये खिडकीशी बसवलं. पुस्तक पिशवीतून काढून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. शेवटची वीस पानं राहिली होती.

तिथं काय झालं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. गफूरभाईंनी बाईंना ओळखलं. खात्री बाईंना होती. पलंगाजवळ स्टूल ठेवून बाईंनी वाचायला सुरुवात केली. सून चहा घेऊन आली आणि तिथंच टेकली. तिला मराठी अर्धंच कळत होतं तरी उठली नाही. नऊ पानं झाली तेव्हा गफूरभाईंचे डोळे मिटले होते. बाई थांबल्या.

‘‘आप पढ़ते रहिए,’’ सून म्हणाली. ‘‘अब्बा नींद में भी सुनते हैं।’’

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘झोपेत ऐकलेलं धरता येत नाही. पुढच्या गुरुवारी येते मी.’’

पुस्तक बंद करून त्या परत आल्या. सोमवारी सलीमचा फोन आला.

त्यानंतर बाई दोन महिने वाचनालयात आल्या नाहीत. पुस्तक त्यांच्याकडंच होतं. मी परत मागितलं नाही. घरी गेलो तर दार उघडत, बसा म्हणत, चहा करत, आणि खिडकीबाहेर बघत बसत. फोन डब्यावर नव्हता, चार्जरला लावलेला असे. मी एकदा म्हणालो, ‘‘बाई, ती शेवटची पानं तुम्ही तरी वाचून टाका.’’

‘‘एकटीनं?’’ त्या म्हणाल्या.

स्नेहलनं आत्याला नागपूरला न्यायचं ठरवलं. बाईंनी विरोध केला नाही. सामान फार नव्हतंच. निघायच्या दोन दिवस आधी त्या वाचनालयात आल्या. गुरुवार होता, पण मला वाटतं तो योगायोग असावा. त्यांनी तसं काही दाखवलं नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं. खूण म्हणून घातलेला कागद अजून त्याच पानात होता.

‘‘भाऊ, हे तुम्ही वाचलं आहे ना?’’

‘‘हो. मागच्या उन्हाळ्यात.’’

‘‘मंग सांगा. कोण आहे?’’

कुठल्याही परिस्थितीत शेवट सांगायचा नाही, हे त्यांनीच मोठ्या अक्षरात पटाच्या वर लिहिलं होतं. पण त्या मान डावीकडं झुकवून वाट बघत होत्या, म्हणून मी सांगितलं. जहागीरदाराची बहीण. विहिरीची रहाटदोरी तिनंच कापली होती.

बाईंनी पुस्तकातला खुणेचा कागद काढून घेतला.

‘‘गफूरभाईंनी कारभाऱ्याचं नाव सांगितलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मले म्हणे, बाई, वास येऊन राह्यला. त्यांची चिठ्ठी मी लिहिली, आणि माझ्या चिठ्ठीत बी मी तेच लिहिलं.’’

‘‘तुमच्या मनात कोण होतं?’’

‘‘ते आता कायले भाऊ.’’

मी खण उघडून दोन्ही पाकिटं काढली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि न फाडता पिशवीत ठेवली.

‘‘दोघं बी चुकलो,’’ त्या म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं. असलंच तर थोडं समाधान होतं, जसं एकाच बसनं जाणाऱ्या दोन माणसांना बस चुकल्यावर असतं.

मग त्या उठल्या. मी दारापर्यंत गेलो. समोरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता, म्हणून त्या कडेला थांबल्या. ट्रक गेला, मागं कापसाचे दोन-चार पुंजके उडत राहिले. बाईंनी रस्ता ओलांडला, पदरावर पडलेला एक पुंजका झटकला आणि बँकेच्या कोपऱ्यावरून घराकडं वळल्या.